खडतर वाट आणि मोजका पैसा

ज्या गाडीला आपण जीप म्हणतों, तिचा जन्म युद्धासाठीं झाला. १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेंतील विलिस व फोर्ड या कारखान्यांनीं अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. युद्ध संपल्यावर ती शेतांत व डोंगरांत आली. पुढें महिंद्र अँड महिंद्र या नांवानें प्रसिद्ध झालेल्या कंपनीनें १९४७ सालीं मुंबईंत विलिस जीप जुळविण्यास आरंभ केला, आणि हळूहळू सह्याद्रीच्या वाड्यावस्त्यांसही तिचा परिचय झाला.

आमच्या घरीं याच वंशांतली एक जुनी जीप आहे. ती शौकासाठीं नाहीं. घाटमाथ्यावरील तीन वाड्यांचें धान्य, खत, शाळेचीं पुस्तकें हीं सर्व तिच्यांतूनच वर जातात, व आजारी माणूस तिच्यांतूनच खालीं येतो. दर गुरुवारीं दवाखान्यांतील परिचारिकाबाईही तिनेंच जातात. पावसाळ्यांत त्या वाटेवर तांबडा चिखल माजतो व मध्यें दोन ओढे लागतात. गाडी अडली कीं आजाऱ्यास डोलींत घालून सहा किलोमीटर चालावें लागतें.

गेल्या उन्हाळ्यांत वडिलांनीं या गाडीच्या सुधारणेसाठीं ६०,००० रुपये बाजूला काढले. रक्कम लहान नव्हे. परंतु बाजारांत अशा गाड्यांसाठीं जें सामान मिळतें, त्याच्या मानानें ती मोठीही नव्हे. माझ्या थोरल्या भावानें उत्साहानें एक यादी केली: गाडी चार इंच उंच करण्याचें सामान, पुढें जाड लोखंडी बंपर, विजेवर चालणारें विंच, आणि टपावर दिव्यांची रांग. यादी वाचून वडील म्हणाले, “गाडी दिसेल छान, दादा. पण ती अडते कोठें नि कां, हें तूं लिहिलें नाहींस.”

मग सर्वांनीं आठवून तें वहींत लिहिलें. दोन पावसाळ्यांत गाडी सात वेळां थांबली होती. चार वेळां झिजलेले टायर चिखलांत जागच्या जागीं फिरले. दोन वेळां ओढ्यांतून बाहेर आल्यावर ब्रेक लागेनात. एकदां क्रॉस तुटला. उंची कमी म्हणून ती एकदांही अडली नव्हती. दादाची अर्धी यादी तेथेंच गळाली.

उंचीसंबंधीं मिस्त्रींनीं जें समजावून सांगितलें तें मला फार उपयुक्त वाटलें. पाटे उंच केल्यानें गाडीचें अंग वर जातें; पण अखंड आंसाच्या जीपमध्यें आंसावरचा डिफरन्शियलचा गोळा होता तेथेंच राहतो. तो उचलावयाचा तर टायर मोठा हवा, आणि टायराचा व्यास दोन इंच वाढविला तर गोळा एकच इंच वर येतो. टायर मोठा झाला म्हणजे इंजिनाची ओढ उणी पडते, ब्रेकवर भार वाढतो व कांटा खऱ्या वेगापेक्षां कमी वेग दाखवितो. गुरुत्वमध्य वर गेल्यानें कलत्या वाटेवर गाडी उलटण्याची भीति वाढते ती निराळीच. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आहे. निर्मात्यानें ठरविलेल्या व नोंदणीपत्रांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करण्यास तें मनाई करतें, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तोच अर्थ उचलून धरला.

तेव्हां खर्चाचा क्रम असा ठरला. प्रथम ब्रेक, क्लच, क्रॉस, पाट्यांचे बुश व रेडिएटर यांची दुरुस्ती: १८,००० रुपये. नंतर मूळ मापाचेच, परंतु खोल नक्षीचे चार टायर: २८,००० रुपये. तिसरें, सुटकेचें सामान, म्हणजे नायलॉनचा ताणपट्टा, दोन शॅकल, फावडें व हवेचा पंप: ८,००० रुपये. नायलॉनचा पट्टा ताणला जातो, म्हणून साखळीसारखा हिसका बसत नाहीं. मात्र तो चासीच्या मजबूत हुकासच अडकवावा व ओढतांना माणसांनीं दूर उभें राहावें. पंपाचें कारण असें कीं, चिखलांत टायराची हवा थोडी कमी केल्यास त्याचा जमिनीवरील टेक लांबतो व पकड वाढते. पण पक्क्या रस्त्यावर येतांच ती पुन्हां भरावी लागते.

चौथा खर्च सर्वांत अल्प, फक्त १,००० रुपये. तापलेला डिफरन्शियल ओढ्याच्या गार पाण्यांत शिरला कीं आंतील हवा आक्रसते व श्वासनळीच्या छिद्रांतून पाणी आंत ओढलें जातें. तें तेलांत मिसळून दातऱ्यांचा नाश करतें. त्या छिद्रांस रबरी नळी जोडून तिचें तोंड उंच बांधलें. राहिलेले ५,००० रुपये शिल्लक ठेविले. पाणी इंजिनांत शिरल्यास मात्र नळीचा कांहीं उपयोग नाहीं. पाणी दाबलें जात नसल्यानें आंतील दांडा वांकतो. म्हणून वडील प्रत्येक ओढा आधीं काठीनें मोजतात, आणि पाणी गुडघ्यावर असेल तर गाडी घालीत नाहींत.

या पावसाळ्यांत गाडी एकदांच रुतली. जुलईंतील रात्र होती व आंत एक बाळंतीण होती. वाडीवरच्या ट्रॅक्टरास पट्टा जोडून वीस मिनिटांत गाडी निघाली, आणि पहांटेपूर्वीं ती बाई दवाखान्यांत पोहोंचली. ऑगस्टांत रेडिएटर पुन्हां गळूं लागला, तेव्हां शिल्लक रक्कम कामास आली.

लूकच्या शुभवर्तमानांत बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आहे. आधीं बसून खर्चाचा हिशेब करणें शहाणपणाचें, असा त्याचा बोध. आमच्या अनुभवानें मी इतकेंच जोडीन कीं, हिशेब केवळ पैशांचा करूं नये. आपली गरज कोठें आहे याचाही करावा. विद्यार्थिमित्रांनो, वह्या, पुस्तकें, सायकल, कांहींही घेतांना हाच क्रम उपयोगी पडेल. ती वही आतां दादाकडे असते. विंचाचें नांव अजून तींत आहे, पण शेवटच्या पानावर, पुढील वर्षाच्या टायरांच्या व ब्रेकच्या खालीं.