दोनशे फ्रँकचं देणं

दारूड्याची गोष्ट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ‘एकच प्याला’तला सुधाकर येतो आणि पाठोपाठ बिचारी सिंधू. पण मैत्रिणींनो, जिच्यात सिंधूच नाही अशी एक गोष्ट आज सांगते. इटालियन दिग्दर्शक एर्मानो ओल्मी यांचा ‘द लीजंड ऑफ द होली ड्रिंकर’ हा तो चित्रपट. १९८८ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला ‘सुवर्णसिंह’ मिळाला.

आंद्रेयास हा एके काळचा खाणकामगार. आता पॅरिसमध्ये सीन नदीच्या पुलाखाली झोपतो. एका संध्याकाळी एक अनोळखी वृद्ध गृहस्थ त्याला दोनशे फ्रँक देऊ करतात. परतफेडीची घाई नाही. जमेल तेव्हा चर्चमधल्या संत तेरेझच्या मूर्तीपाशी पैसे पोचते करायचे. राहायला पत्ता नसला, तरी अब्रू आहे, असं आंद्रेयास त्यांना बजावतो.

पुढे त्याला काम मिळतं, पैसेही मिळतात. रविवारी तो चर्चपाशी पोचतोही. पण कधी जुन्या ओळखीची बाई भेटते, कधी मित्र, आणि समोर गुत्ता असतोच! देणं राहून जातं. शेवटी तो कोसळतो, लोक त्याला चर्चमध्ये नेतात आणि तिथंच तो प्राण सोडतो.

तुम्ही म्हणाल, यात उद्धार तो कसला? ‘उद्या नक्की’ हे शब्द तर बाटली शिरलेल्या प्रत्येक घरातल्या बाईला पाठ असतात! खरं आहे. इथं कुणाची पोरं उपाशी निजत नाहीत, म्हणून आंद्रेयासवर माया करणं आपल्याला सोपं जातं.

मूळ कथा लिहिणारे जोसेफ रॉथ स्वतः दारूनं पोखरलेले होते. १९३९ मध्ये पॅरिसमध्येच, अवघ्या ४४व्या वर्षी ते गेले. म्हणूनच की काय, कथेत उपदेश नाही. ते गृहस्थ आंद्रेयासला शिकवण देत नाहीत, त्याच्यावर विश्वास टाकतात. दारू सुटत नाही. पण ‘मला कुणाचं तरी देणं आहे’ ही जाणीव शेवटपर्यंत सुटत नाही. वर्गातल्या उनाड पोराच्या हाती आम्ही कपाटाची किल्ली देतो ना, तसंच हे.

दारूड्याच्या हाती पैसे द्या, असं मी म्हणत नाही. मार सोसा, असं तर मुळीच नाही. व्यसन हा आजार आहे, त्याला डॉक्टरच हवा. पण ‘तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही’ हे वाक्य मात्र आपल्या तोंडून जाऊ नये. एवढं आपल्या हातात आहे, नाही का?