कच्चं लिंबू आणि गेमची पुस्तकं

सतत गेम खेळणाऱ्या मुलाला ‘जरा पुस्तक वाच’ असं सांगणारे आईवडील घरोघरी असतात. पण मुलानेच गेमवरची पुस्तकं मागितली तर काय करायचं, हे कुणालाच माहीत नसतं. गेल्या वर्षी माझ्या ताईच्या घरी, जैनाबादला, नेमकं हेच झालं.

जैनाबाद तापीच्या अलीकडे, बऱ्हाणपूर पलीकडे. बऱ्हाणपूरला शेख बुऱ्हाणुद्दीन यांचं नाव आणि जैनाबादला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांचं, अशी परंपरा आहे. दोघांच्याही कबरी महाराष्ट्रात, खुलदाबादला. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि पोटापाण्यासाठी केळी, असं तिथल्या बऱ्याच घरांचं आहे. माझा भाचा बारावी झाला आणि म्हणाला, ‘मला गेम डिझाइन शिकायचंय.’ सोबत शहरातल्या एका संस्थेचं माहितीपत्रक. फी लाखांमध्ये, लॅपटॉप वेगळा. भाऊजींनी माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवलं. ‘तू कॉम्प्युटरमधली. यात शिकण्यासारखं खरंच काही असतं का? असेल तर ठेव मोडतो.’

सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्या माणसाला गेम करता येतो असं नाही. मी एवढंच म्हटलं, की हा विषय शिकवणारी माणसं काय लिहितात ते आधी वाचू, ठेव मोडायची की नाही ते नंतर पाहू. भाऊजींनी तीन महिने दिले. मी जुन्या आवृत्त्या मिळवल्या. या विषयातली मूळ तत्त्वं लवकर शिळी होत नाहीत, त्यामुळे आवृत्ती जुनी असली तरी फारसं अडत नाही. त्या तीन महिन्यांत मलाही बरंच कळलं. ज्यांच्या घरी असाच एखादा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांच्यासाठी, आणि त्या मुलामुलींसाठी, ते इथे लिहिते.

पहिलं पुस्तक राफ कॉस्टर यांचं ‘अ थिअरी ऑफ फन फॉर गेम डिझाइन’, २००४ सालचं. एका बाजूला मजकूर, समोरच्या पानावर लेखकानेच काढलेलं व्यंगचित्र, त्यामुळे इंग्रजीची धास्ती असलेलं मूलही ते धरू शकतं. त्याचं म्हणणं असं, की खेळात मजा येते कारण आपण काहीतरी शिकत असतो. खेळाची मेख कळली की मजा संपते. फुली-गोळा लहानपणी तासन्‌तास खेळतो आणि एक दिवस सोडून देतो. दोघांनी नीट खेळलं तर तो डाव बरोबरीतच सुटतो, हे आपल्याला कळलेलं असतं.

दुसरं जेसी शेल यांचं ‘द आर्ट ऑफ गेम डिझाइन’, पहिली आवृत्ती २००८ची. लेखक अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकवतात, आणि त्याआधी त्यांनी चेंडू झेलण्याच्या कसरती करूनही पैसे मिळवले आहेत. त्यांनी आपल्या खेळाकडे बघण्याची शंभर भिंगं दिली आहेत. भिंग म्हणजे प्रश्न. यात आश्चर्य कुठे आहे? खेळणाऱ्याला खरी निवड आहे का? त्याला नेमका कोणता अनुभव यावा असं तुला वाटतं?

या शेवटच्या प्रश्नाने भाच्याचा पहिला बेत मोडला. जैनाबादेत आहूखाना आहे, मुघलांची हरणांची बाग. जून १६३१ मध्ये मुमताज महल बऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली तेव्हा तिला प्रथम इथेच दफन केलं होतं. सहा महिन्यांनी पार्थिव आग्र्याला नेलं. भाच्याला या जागेवर तलवारी, घोडे, धडाधड मारामारी असा गेम करायचा होता. भिंगाचा प्रश्न वहीत उतरवून तो एका संध्याकाळी तिथे जाऊन बसला आणि परत येऊन म्हणाला, ‘मावशी, तिथे मारामारीसारखं काहीच वाटत नाही. तिथे तर फक्त थांबल्यासारखं वाटतं.’ त्या पुस्तकातून त्याने घेतलेली ही पहिली खरी गोष्ट, असं मी मानते.

तिसरं ट्रेसी फुलर्टन यांचं ‘गेम डिझाइन वर्कशॉप’. कॉम्प्युटरला हात लावण्याआधी खेळ कागदावर, पुठ्ठ्यावर करा, दुसऱ्याला खेळायला द्या, आणि तो खेळत असताना त्याला शिकवू नका, फक्त बघा, हा या पुस्तकाचा आग्रह आहे. भाऊजींना हे सगळ्यात जास्त आवडलं, कारण पुठ्ठ्याला ठेव मोडावी लागत नाही.

अडचण भाषेची होती. दिवसाला दोन पानं, तीही मी फोनवर असताना. एकदा इंग्रजी शब्द अडला. नवख्या खेळाडूला सुरुवातीला सांभाळून घेण्याबद्दल काहीतरी होतं. मी समजावत होते, तेवढ्यात ताईच्या सासूबाई मागून म्हणाल्या, ‘अरे, कच्चं लिंबू!’

हा शब्द आठवतो ना? मोठ्या मुलांच्या खेळात धाकट्या भावंडाला घ्यायचं, पण आऊट झालं तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही. तो खेळ शिकतो, खेळही बिघडत नाही आणि त्याला बाहेरही ठेवलं जात नाही. जगभरातले डिझाइनर ज्याच्यासाठी डोकं खाजवतात ते आपल्या अंगणात दोन शब्दांत सुटलेलं होतं. त्या दिवसापासून भाच्याच्या वहीत इंग्रजी शब्दांसमोर आमचे शब्द येऊ लागले: डाव, दान, घर, भिडू, राज्य, सोंगटी पिकणे, रडीचा डाव. मराठीतून गेम डिझाइन शिकवणारं पुस्तक मला मिळालेलं नाही, पण ते लिहायला लागणारे निम्मे शब्द आजींकडे तयार होते.

मग त्यांनी अष्टचंगाचा पट मांडला, पाच गुणिले पाच घरांचा. चार कवड्या. चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा दान. भाच्याने हिशेब केला. चार कवड्या सोळा प्रकारे पडू शकतात. त्यांतल्या सहांत दोन पडतं, चारांत एक, चारांत तीन, आणि चार किंवा आठ प्रत्येकी एकदाच. कवडीच्या दोन बाजू सारख्या नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होतं. पण जे दुर्मीळ त्यालाच बक्षीस, हे कुणीतरी फार पूर्वी नीट जुळवून ठेवलंय. सापशिडीत फासा सांगेल तसं सरकायचं. अष्टचंगात दान नशिबाचं, पण कोणती सोंगटी चालवायची ते माझं. शेलच्या निवडीच्या भिंगाचा अर्थ त्याला इथे लागला.

पुढे त्याने स्वतःचा खेळ केला तो कुंडी भंडाऱ्यावर. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५च्या सुमारास, बऱ्हाणपुरात ही पाण्याची व्यवस्था झाली. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, शंभराहून अधिक विहिरीसारख्या कुंड्यांमधून, केवळ उताराच्या जोरावर शहराकडे येतं. भाच्याने पुठ्ठ्यावर बारा कुंड्या काढल्या. प्रत्येकाला चार घागरी, दान कवड्यांचं, आणि चारही घागरी शहरात पोचवायच्या. ज्या कुंडीवर दुसऱ्याची घागर आधीच आहे तिथे उतरलात तर तुमची घागर परत डोंगरात.

आजी खेळायला बसल्या. पहिल्या दहा मिनिटांत भाचा सारखा सांगत होता, ‘आजी, तशी नको, अशी चालव.’ मी फोनवरून फुलर्टनबाईंची आठवण करून दिली, तेव्हा तो तोंडावर हात ठेवून बसला. आणि मग आजींनी त्याला खेळातली खोट दाखवली. त्यांनी तीन घागरी शहराआधीच्या शेवटच्या तीन कुंड्यांवर नेऊन ठेवल्या आणि चौथीवरच दानं चालवत राहिल्या. त्या तीन कुंड्या ओलांडायला चार किंवा आठच हवं, म्हणजे सोळात दोनदा. भाच्याच्या घागरी तिथे येऊन अडकल्या. तो मध्येच नियम बदलायला लागला तर आजी म्हणाल्या, ‘रडीचा डाव चालणार नाही. हा डाव संपू दे, मग बदल.’

दोन दिवस तो वैतागलेला होता. त्याने नियम वाढवून पाहिले, दंड लावून पाहिले, काहीच जमेना. उत्तर शेवटी कुंडी भंडाऱ्यातूनच आलं. तिथलं पाणी थांबत नाही, ते वाहतंच. मग नियम असा केला, की एका कुंडीवर घागर लागोपाठ दोन दानांपेक्षा जास्त थांबली तर पाणी वाहून जातं आणि घागर रिकामी होऊन डोंगरात परत जाते. एका ओळीचा नियम, पण आजींची नाकाबंदी संपली आणि त्या दर दानाला विचार करू लागल्या. पुढच्या डावात त्या हरल्या आणि म्हणाल्या, ‘आता बरा झालाय.’

तीन महिने संपले तेव्हा भाऊजींनी मला काही विचारलं नाही. अंगणात बसलेल्या मुलाला त्यांनी पाहिलं होतं. ठेव अजून आहे तशीच आहे. भाचा बऱ्हाणपुरात कॉम्प्युटरची साधी पदवी करतोय. एनआयडीच्या बंगळुरूच्या केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तो पदवीनंतरचा. तिथे जायचं की नाही ते तेव्हा ठरेल. जायचं ठरलं तर दाखवायला त्याच्याकडे स्वतः केलेलं काहीतरी असेल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी’ हा गेम केला. लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न २०१७मध्ये फसला, तरी २०२०मध्ये तो गेम जगभर विकायला आला. हे मी भाऊजींना सांगितलं ते आशा दाखवायला नाही, वेळ किती लागतो ते कळावं म्हणून.

आता चौथं पुस्तक चाललंय, रॉबर्ट निस्ट्रम यांचं ‘गेम प्रोग्रॅमिंग पॅटर्न्स’. लेखकाने ते इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलंय. गोडो हे गेम करण्याचं सॉफ्टवेअरही मोफत आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. तरुण वाचकांना माझं एवढंच सांगणं, की याच क्रमाने वाचा: आधी मजा का येते ते, मग प्रश्न, मग पुठ्ठा, आणि सगळ्यात शेवटी प्रोग्रॅमिंग. आणि घरात कवड्या असतील तर त्या शोधून ठेवा.

कुंड्यांचा खेळ आता मोबाइलवर येतोय. नवख्यांसाठी त्यात एक बटण आहे, ते दाबलं की पहिल्या तीन डावांत पाणी वाहून जात नाही. बटणावर मराठीत लिहिलंय: कच्चं लिंबू. भाऊजी अजून तेच दाबून खेळतात.