उंब्रज ते गुहागर : उघड्या पाण्यावर फुटणाऱ्या लाटा

सातारा जिल्ह्यात कराडच्या उत्तरेस, पुणे-बंगळूर महामार्गावर असलेले उंब्रज हे कृष्णा आणि तारळी यांच्या संगमावरचे गाव असून समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती येथे आहे. वाऱ्याने उठलेल्या लाटा उघड्या पाण्यावर केव्हा आणि कशा फुटतात हे पाहण्यास निघालेल्या प्रवाशाने याच संगमापासून आरंभ करावा, कारण जेथे फेस मुळीच दिसत नाही असे पाणी आधी नीट पाहिले, तर पुढचे सारे अधिक स्पष्ट होते. भाद्रपदातला पश्चिमेचा वारा धोतराचा सोगा फडफडवण्याइतका असला, तरी कृष्णेच्या पात्रावर त्याने फक्त बारीक सुरकुत्या उमटतात आणि त्या पलीकडच्या काठाशी जाऊन विरतात. त्यांतल्या काहींचे माथे सूक्ष्मपणे ढासळतातही, परंतु पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाला ताणून धरणारे बल, एवढ्या लहान लाटेत हवा शिरू देत नाही आणि म्हणून पांढरा फेस धरत नाही. वारा आपली ऊर्जा पाण्याला एकदम न देता लाटेबरोबर पुढे सरकताना थोडी थोडी देतो. त्यामुळे पाण्यावरून त्याला विनाअडथळा जेवढे अंतर कापता येते, ज्याला वाऱ्याची धाव म्हणता येईल, त्या अंतराला त्याच्या वेगाइतकेच महत्त्व आहे.

मल्हारपेठमार्गे पाटण गाठले की कोयना आणि केरा यांचा संगम लागतो आणि तेथून चढून वनकुसवड्याच्या पठारावर जाता येते. समुद्रसपाटीपासून सुमारे 1150 मीटर उंचीवरच्या या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, तर कोयना धरणाचा शिवसागर जलाशय काठोकाठ भरला असता त्याची पातळी 2163 फूट, म्हणजे सुमारे 659 मीटर असते. पाहणारा पाण्याच्या जवळजवळ पाचशे मीटर वर उभा असतो. एवढ्या उंचीवरून लाटांची उंची कळत नाही, परंतु फुटलेल्या प्रत्येक लाटेचा पांढरा ठिपका मात्र दुर्बिणीतून स्वच्छ दिसतो, आणि या विषयाच्या अभ्यासाला याहून सोयीची जागा सह्याद्रीत क्वचितच सापडेल. 105 टीएमसीचा हा जलाशय कोयनेच्या जुन्या खोऱ्याला धरून दक्षिणोत्तर पसरलेला असल्याने पश्चिमेच्या वाऱ्याला त्याच्या रुंदीपुरतीच धाव मिळते, तर वारा खोऱ्याच्या दिशेने वळला की त्याच पाण्यावर ती कितीतरी वाढते.

लाटेत पुढे सरकतो तो आकार. पाण्याचे कण जवळजवळ जागच्या जागी वर्तुळाकार फिरतात. लांबी तीच राहून लाट उंच होत गेली की माथ्यावरच्या कणांचा वेग वाढतो, आणि तो आकाराच्या वेगाहून अधिक झाला की माथा पुढच्या उतारावर ढासळतो. स्थिर लाटेचा माथा या मर्यादेवर 120 अंशांचा कोन करतो, हे जॉर्ज स्टोक्स यांनी 1880 मध्ये मांडले, आणि अशा लाटेची उंची तिच्या लांबीच्या सुमारे सातव्या भागाइतकी असते, हे ऑस्ट्रेलियन गणितज्ञ जॉन हेन्री मिशेल यांनी 1893 मध्ये दाखवले. येथे एक अडचण उभी राहते. ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्याला तीन किलोमीटरची धाव मिळाली, तर रूढ सूत्रांनुसार लाटा सुमारे 30 सेंटिमीटर उंच आणि सहा मीटर लांब होतात, म्हणजे त्यांची उंची लांबीच्या विसाव्या भागाइतकीच भरते. तरीही अशा वाऱ्यात पाणी पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जाते.

याचे उत्तर असे की लाटा एकसारख्या नसून जथ्याजथ्याने येतात आणि खोल पाण्यात जथ्याचा वेग एकेका लाटेच्या निम्मा असतो. वारीतल्या दिंडीत मागून झपाझप पुढे जाणाऱ्या टाळकऱ्याप्रमाणे प्रत्येक लाट जथ्याच्या मागून शिरते, मध्यभागी सर्वांत उंच होते आणि पुढच्या टोकाशी लहान होऊन मावळते. फुटायचीच असेल तर ती मध्यावर फुटते. दरम्यान जथाही पुढे सरकलेला असल्यामुळे पुढचा ठिपका लाटेच्या आवर्तनकाळाच्या सुमारे दुप्पट वेळाने उमटतो. हे निरीक्षण डोनेलन, लाँगेट-हिगिन्स आणि टर्नर यांनी 1972 मध्ये नोंदवले. जलाशयावर दोन सेकंदांच्या लाटा चालत असतील, तर दुर्बीण एका जथ्याबरोबर हळूहळू सरकवावी : पांढरा ठिपका उमटतो, विझतो, आणि साधारण चार सेकंदांनी थोड्या पुढे पुन्हा उमटतो. ज्याने हे एकदा पाहिले, त्याला फेसाचे ते विखुरणे पुन्हा अस्ताव्यस्त वाटत नाही.

पठारावरून कोयनानगर, हेळवाक आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागरला पोहोचावे. तेथील किनाऱ्यावरच्या लाटा निराळ्या कारणाने फुटतात. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीवर आली की तळ लाटेला अडवतो आणि ती कोसळते. अभ्यासकाने नजर त्यांच्या पलीकडे न्यावी. बोफोर्ट मापनानुसार वारा ताशी 12 ते 19 किलोमीटर झाला की समुद्रावर तुरळक पांढरे माथे दिसू लागतात, आणि पुढे वारा दुप्पट झाला तर फेसाने व्यापलेला भाग आठपट किंवा त्याहूनही अधिक होतो. शिवसागराच्या गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि चटकन फुटतात. खाऱ्या पाण्यात ते बारीक राहतात व सहज मिसळत नाहीत, म्हणून समुद्रावरचा फेस अधिक दाट दिसतो आणि अधिक काळ टिकतो. दूरच्या वादळातून आलेल्या लांब लाटा मात्र उंच असूनही उघड्या समुद्रात सहसा फुटत नाहीत, कारण लांबीच्या मानाने त्यांचा चढ अगदी सौम्य असतो.

कोकणच्या मच्छीमारांना उंच लाटांचे इशारे देणारे हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ज्या प्रकारच्या संगणकीय प्रतिमानांवर विसंबते, त्यांत वाऱ्याने दिलेली ऊर्जा, लाटांनी आपसांत वाटून घेतलेली ऊर्जा आणि फुटण्यात गमावलेली ऊर्जा असा हिशेब मांडलेला असतो. यांतली तिसरी बाब सर्वांत कमी उलगडलेली असून मोजलेल्या लाटांशी ताडून तिचे आकडे जुळवावे लागतात. इशाऱ्यातली लाटेची उंची किती बरोबर येते, हे पुष्कळसे त्या जुळणीवर अवलंबून असते.