खणांचं घर

आमच्या लहानपणी घर चौरस फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. कुणाचं बिऱ्हाड दोन खणी, कुणाचं तीन खणी.

पुण्याच्या पेठांतली आम्ही वाड्यातली पोरं. दगडी जोतं, जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि कडीपाटावर चक्क मातीची जमीन. ओटी शेणानं सारवायची, तशी माडीही शेणानं सारवायची. माडीवर लंगडी रंगली की खाली माजघरात पानात माती पडे, म्हणून वर कापडी छत बांधलेलं असे. दिवाळीआधी ते सोडून झटकायचं आणि दारा-खांबांना बेलतेल लावायचं.

भार सारा लाकडी सांगाड्यावर, म्हणून भिंतीत कोनाडे हवे तेवढे. एक देवाचा, एक चिमणीचा, एक आजीच्या मिसरीचा.

खांबाचा बुडखा कुजला तर सुतार तुळईला टेकू देई, कुजकं तेवढंच कापी आणि नवं लाकूड खाचेत बसवी. पाट तडकला तर तेवढाच पाट बदलायचा. वाडा उतरवला तर त्याची तुळई दुसऱ्या वाड्यात चढायची. टाकून द्यायचं म्हणून काही नव्हतंच.

लाकडा-मातीचे वैरी दोन, आग आणि पाणी. १८२८च्या आगीनंतर शनिवारवाड्याचे दगड तेवढे उरले. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटून पाणी शिरलं आणि नदीकाठच्या कित्येक वाड्यांच्या मातीच्या भिंती विरघळल्या. मग सिमेंट आलं, आणि आम्हीही हौसेनं फ्लॅटात गेलो.

आता नॉर्वेतल्या ब्रुमुंडालला २०१९ साली १८ मजल्यांची लाकडी इमारत पुरी झाली. तिचे खांब-तुळया लाकडाचे थर चिकटवून केलेल्या आहेत. जाड लाकूड आगीत बाहेरून कोळसतं, आतला गाभा तग धरतो. तो हिशेब आधीच मांडलेला असतो. वाचलं आणि माजघरातली तुळई आठवली.

विश्रामबागवाड्याचे सुरूच्या घाटाचे लाकडी खांब दोनशे वर्षांनंतरही उभे आहेत. तुमचा वाडा पाडायचा ठरला असेल, तर आधी एखाद्या जुन्या सुताराला बोलवा. खण मोजून ठेवा, सांधे पाहून ठेवा. ते सागवान जळणात जाऊ देऊ नका. त्यात अजून एक घर शिल्लक आहे.