खाडीकाठचं कॉलेज

भाईंदरच्या सकाळी खाडीकडून खारा वारा सुटतो. मिठागरं ओलांडून तो पूर्वेच्या गाळ्यांपर्यंत येतो, तेव्हा तिथं स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारी यंत्रं घरघरायला लागलेली असतात. अर्धं शहर मात्र त्याआधीच फलाटावर उभं असतं, तोंड चर्चगेटकडे करून. २००२ साली आम्हाला महानगरपालिका मिळाली, पण निजायला इथं आणि जगायला तिकडं ही सवय काही सुटली नाही.

बारावी झालेल्या माझ्या भाचीपुढे आता हाच फलाट आलाय. एकीकडे चर्चगेटचं नावाजलेलं कॉलेज, दुसरीकडे घरापासून चालत जाण्याइतकं जवळचं. विषय दोन्हीकडे मॅनेजमेंटच. तिनं एकदा कुजबुजत विचारलं, "मावशी, इथं शिकले तर लोक म्हणतील ना, हे कुठलं कॉलेज?" मला हसू आलं नाही. हा प्रश्न मीही तिच्या वयात विचारला होता, फक्त तेव्हा विचारायला इथं फारसं काही नव्हतं, म्हणून मी गाडीत चढले.

त्या बाजूची ओढ मला समजते. १९१३ पासूनचं सिडनहॅम, आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज म्हणून ओळखलं जाणारं. जवळच १९६५ साली स्टॅनफर्डच्या साहाय्यानं उभी राहिलेली जमनालाल बजाज ही मॅनेजमेंटची संस्था. लेक्चर सुटलं की चार पावलांवर मरीन ड्राइव्ह. दगडी जिन्यांनाही तिथं एक रुबाब असतो, आणि सतरा वर्षांच्या मुलीला तो अंगावर घ्यावासा वाटतो. खरं सांगायचं तर त्या भागात मी शिकले ते वर्गापेक्षा बाकावर जास्त. शेजारी बसणारी मुलगी डबा खाताखाता शेअर बाजाराबद्दल बोलायची, कारण तिच्या घरी जेवताना तेच बोलणं चालायचं. आमच्या घरी जेवताना बोलणं व्हायचं ते पाण्याच्या टँकरचं. मोठं कॉलेज खरं देतं ते हे शेजारपण, आणि त्याची किंमत मी कमी लेखणार नाही.

पूर्वी निदान एक दिलासा होता: चर्चगेट काय, भाईंदर काय, पदवीवर नाव मुंबई विद्यापीठाचंच. आता सिडनहॅम होमी भाभा राज्य विद्यापीठात गेलं, आणि पदवी मुंबई विद्यापीठाचीच राहिली तरी कित्येक बडी कॉलेजं स्वायत्त झाली. २०२४ पासून बीएमएस या मॅनेजमेंटच्या पदवीला एआयसीटीईची मान्यता आणि सीईटी ही प्रवेशपरीक्षा आली, तेव्हा बऱ्याच कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज करून टाकलं. पाटी नवी, बाकं तीच! भाचीनं ही सगळी नावं वहीत लिहून ठेवलीत. गाडीतल्या तासांचा हिशेब मात्र त्या वहीत कुठंच नाही.

भाईंदर ते चर्चगेट एका बाजूनं तासाहून जास्त. विरार फास्टमध्ये चढायला मिळत नाही, चढलंच तर उतरायला मिळत नाही, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. म्हणून मीरा रोडचे लोक आधी उलटे भाईंदरला येतात आणि इथून सुटणाऱ्या गाडीत जागा पकडून मग दक्षिणेला जातात. कन्सेशनचा पास स्वस्त पडतो, पण संध्याकाळी घरी आलेल्या मुलीत पुस्तक उघडण्याचं त्राण उरत नाही. मी वाचायची ते लटकणाऱ्या कड्यांखाली, उभ्यानं, कुणाच्या तरी खांद्यावर पान टेकवून. लोक याला जिद्द म्हणतात. मला तो नासाडीचा प्रकार वाटतो.

हेच तास तिला इथं मिळाले तर? जवळच्या उत्तनच्या धक्क्यावर बोट लागते तेव्हा डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा आणि पडलेला भाव यांचा हिशेब कोळणी तोंडी करतात. पाऊस लांबला तर बोंबील वाळवायचे कसे, हा साठवणुकीचा प्रश्नच आहे. पूर्वेच्या गाळ्यात पत्र्याचा भाव चढला की पातेल्याची किंमत कधी वाढवायची आणि कधी गप्प बसायचं, हे मालक रोज ठरवतो. मॅनेजमेंटच्या पुस्तकात केस स्टडी बहुतेक परदेशी कंपन्यांच्या असतात. या आपल्या केस रिक्षाच्या अंतरावर आहेत आणि कुणी लिहिलेल्या नाहीत.

माझं मत मी तिला सांगितलं: पदवी इथं कर, गाडी एमबीएसाठी राखून ठेव. बजाजचा दरवाजा मुख्यतः एमबीएच्या सीईटीतल्या गुणांनी उघडतो, पदवीचं कॉलेज कुठलं यानं नाही. तिची आई माझ्यावर अजून रुसलेली आहे.

एक अट मात्र मीही घातली. जवळचं कॉलेज दुपारी ओस पडत असेल आणि मुलगी घरी येऊन मोबाइल घेऊन पडणार असेल, तर त्यापेक्षा चर्चगेटची धक्काबुक्की बरी. तेव्हा फी भरण्याआधी आईबापांनी दोन गोष्टी कराव्यात. जूनच्या पावसात मुलीबरोबर सकाळच्या गाडीनं उभ्यानं चर्चगेटपर्यंत जाऊन यावं. आणि गावातल्या कॉलेजात जाऊन माहितीपत्रकातल्या फोटोंऐवजी एवढंच विचारावं: लायब्ररी किती वाजता बंद होते?