फाशांचा हिशेब

दैवाला दोष देणे हा मनुष्यमात्राचा फार जुना विसावा आहे. पाऊस लांबला तर दैव, प्रश्नपत्रिका अवघड निघाली तर दैव, आणि बस चुकली तरी दैवच! इतके आरोप इतक्या निमूटपणे सोसणारे दुसरे कोणी या जगात सापडणार नाही. गेल्या मे महिन्यात या बिचाऱ्या दैवाची वकिली करण्याचा प्रसंग माझ्यावर आला, आणि तोही एका खेळाच्या निमित्ताने. ती वकिली मी अर्धी जिंकलो व अर्धी हरलो. त्याची ही हकीकत.

माझा भाचा सुट्टीत आमच्या घरी राहावयास आला होता. नववीच्या परीक्षेत त्याचा गणित विषय राहिला होता व जूनमध्ये फेरपरीक्षा होती. दोन वर्षांपूर्वी त्याचे वडील रस्त्यावरील अपघातात गेले. तेव्हापासून हा मुलगा अबोल झाला होता. माझी बहीण त्याला माझ्या स्वाधीन करून गेली, ती जाताना एवढेच म्हणाली, "भाऊ, ताजें नशीबच खोटें अशें तो म्हणटा. तूं मात्शें सांग ताका." आमच्या घराची भाषा कोंकणी आणि शाळेची मराठी, परंतु नशिबाविषयीची तक्रार कोणत्याही भाषेत सारखीच ऐकू येते.

मुलगा पुस्तकाला शिवेना. घरातल्या जुन्या संगणकावर तो दिवसभर एक युद्धाचा खेळ खेळत बसे. त्याचे नाव 'बॅटल फॉर वेस्नॉथ'. पहिले दोन दिवस मी कपाळाला आठ्या घालून पाहिले. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसलो. शत्रूला जिंकावयाचे तर आधी त्याचा मुलूख पाहून घ्यावा, हा आम्हा शिक्षकांचा जुना डावपेच आहे.

खेळ पाहिला आणि माझे कुतूहल जागे झाले. डेव्हिड व्हाइट या गृहस्थाने तो २००३ साली प्रथम प्रसिद्ध केला. पुढे जगभरच्या हौशी मंडळींनी त्यात भर घातली. तो कोणालाही विनामूल्य मिळतो आणि जुन्या यंत्रावरही चालतो. पटावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे असतात. कोठे गवताळ मैदान, कोठे अरण्य, कोठे डोंगर, कोठे किल्ला. एका बाजूला माणसांची फौज, दुसरीकडे ऑर्क नावाचे दैत्यसदृश रानटी लोक, आणखी कोठे अरण्यवासी एल्फ, तर कोठे स्मशानातून उठलेले सांगाडे. आपण सर्व मोहरे हलवावेत, मग प्रतिपक्षाने हलवावेत. काळही पुढे सरकतो. पहाट, सकाळ, दुपार, सांज आणि रात्रीचे दोन प्रहर असे सहा डावांचे एक चक्र असते. माणसांच्या फौजेतील बहुतेक शिपायांचा घाव दिवसा चतुर्थांशाने जड होतो आणि रात्री तितकाच हलका पडतो. ऑर्कांचे नेमके उलट. म्हणून शहाणा सेनापती दिवसा पुढे सरकतो आणि रात्री तटबंदी धरून बसतो.

तथापि या खेळाचे सारे भांडण ज्यावर आहे ती गोष्ट निराळीच. येथे प्रत्येक घाव लागेलच असे नाही. तो लागण्याचा संभव प्रतिपक्षाचा शिपाई कोणत्या जमिनीवर उभा आहे यावरून ठरतो. उघड्या मैदानावरील साध्या भालाईताला शंभरांतून साठ घाव लागावयाचे. तोच किल्ल्यात किंवा डोंगरावर असेल तर चाळीसच. मांत्रिकाच्या अस्त्राला मात्र जमिनीची पर्वा नाही. ते कोठेही शंभरांत सत्तर वेळा लागते. लागले की नाही हे यंत्राच्या पोटातील अदृश्य फासा ठरवतो.

आणि त्या फाशावरूनच खेळाडूंमध्ये पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, जेथे उत्तम योजना करूनही केवळ फासा उलटा पडल्याने हार पत्करावी लागते, तो खेळ बुद्धीचा नव्हेच. त्यापेक्षा बुद्धिबळ बरे. दुसरा म्हणतो, कोणत्या सेनापतीला रणांगणावर सारे आधीच ठाऊक असते? अनिश्चितता मनात धरून योजना करणे हीच खरी बुद्धी. तिसरा पक्ष फारसा बोलत नाही. तो खेळ जागोजागी साठवून ठेवतो आणि दान वाईट पडले की मागे जाऊन तोच डाव पुन्हा खेळतो. हा पक्ष संख्येने मोठा असावा असा माझा समज आहे, आणि त्याचे कारण पुढे कळेल.

हे भांडण आजचे नाही. प्रशियातील फॉन राइसविट्झ या सैनिकी अधिकाऱ्याने १८२४ साली लष्करी शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ प्रसिद्ध केला, तेव्हा चकमकींचे निकाल फाशांनीच ठरवले. टेबलावर मांडून खेळावयाचे नंतरचे पुष्कळसे युद्धखेळ त्याच वंशातले, आणि वेस्नॉथ हा त्यांचाच संगणकातला वंशज. आपल्या देशातही अकराव्या शतकात आलेल्या अल्बेरूनीने चौघांनी फासे टाकून खेळावयाच्या बुद्धिबळाचे वर्णन केले आहे. पुढे बुद्धिबळाने फासे टाकून दिले आणि सारीपाटाने ते जिवापाड जपले. माझे आजोबा पावसाळ्यात सोपावर कवड्या घेऊन बसत, तेव्हा दान पडेना झाले की कवड्या कोणी हाती दिल्या त्यालाच ते बोल लावीत!

एका दुपारी भाच्याने जोराने मेजावर हात आपटला. "मामा, हो खेळ फटयता!" त्याच्या मांत्रिकाने तीन अस्त्रे सोडली होती व तिन्ही वाया गेली होती. पुढच्याच डावात तो मांत्रिक मेला. शिपाई जसजसा लढतो तसतसा अनुभवाने वरच्या पायरीला चढतो आणि पुढच्या लढायांतही बरोबर येतो; मेला की कायमचा गेला. कित्येक दिवस जपलेला तो मांत्रिक होता. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले होते.

मी म्हटले, "फटवतो की नाही ते मोजून पाहू."

या ठिकाणी मला नळराजाची आठवण झाली. द्यूतात राज्य गमावलेला नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन रथ हाकीत असतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे दृष्टी टाकून त्याची पाने व फळे किती ते सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो आणि स्वतः मोजून पाहतो. संख्या बरोबर निघते! तेव्हा ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य, शिकवतो; आणि त्याच क्षणी नळाच्या अंगात शिरलेला कली बाहेर पडतो. बेहड्याची फळे हेच त्या काळचे फासे होते हे ध्यानात घेतले म्हणजे या कथेचा मर्मार्थ कळतो. जो मोजू लागला त्याच्या अंगातून कली निघाला.

आम्ही वही घेतली. आधी मांत्रिकाचा हिशेब. एक अस्त्र चुकण्याचा संभव दहांत तीन; तिन्ही चुकण्याचा संभव तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, म्हणजे हजारात २७. "म्हणजे सुमारे सदतीस वेळांत एकदा," भाचा स्वतःच म्हणाला. मी विचारले, "तुझ्या मांत्रिकांनी आजवर किती हल्ले केले असतील?" तो गप्प राहिला. शेकड्यांनी केले होते. तिन्ही अस्त्रे चुकली नसती तरच नवल होते.

मग त्याच्या बाजूचे पुढचे २०० घाव आम्ही एकेक करून वहीत मांडले. प्रत्येकापुढे लागण्याचा संभव, आणि त्यापुढे लागला की चुकला ते. संभवांची बेरीज केली तेव्हा अपेक्षा १२३ ची आली. प्रत्यक्षात लागले १२१. पुढे कळले की या खेळात असा तक्ता आयताच मिळतो. अपेक्षित घाव किती, प्रत्यक्ष किती, हे यंत्र स्वतःच लिहून ठेवते. परंतु दुसऱ्याने मोजलेले पटत नाही. नळालाही रथ थांबवावा लागला होता.

इतकी मोठी तक्रार अवघ्या दोन घावांची ठरली. हे कसे झाले? वही चाळताना उत्तर सापडले. नदीच्या उतारावर एका भालाईतावर ऑर्कांनी लागोपाठ सहा घाव घातले होते आणि त्यांतला एकच लागला होता. ते भाच्याला आठवतही नव्हते. अनुकूल दान पडले की ते आपल्या कर्तृत्वाच्या खात्यावर जमा होते, आणि प्रतिकूल पडले की दैवाच्या नावे टाकले जाते. जमाखर्च असा लिहिणारा दुकानदार वर्षाअखेर देवाला शिव्या देईल यात नवल ते काय?

या विजयाने मला थोडा गर्व झाला. मी रात्री एकटाच खेळू लागलो. एकदा माझा आवडता मांत्रिक धोक्यात सापडला. घरात सारे निजले होते. मी हळूच साठवलेला खेळ उघडला व तोच डाव पुन्हा खेळलो. एकदा नव्हे, चार वेळा. सकाळी साठवलेल्या खेळांची यादी भाच्याने पाहिली आणि कित्येक महिन्यांनी तो मोठ्याने हसला. तिसऱ्या पक्षाच्या लोकसंख्येविषयी माझा समज कसा झाला, हे आता वाचकांना कळले असेलच.

त्याच हसऱ्या सकाळी मी माझे प्रवचन पुढे रेटले. म्हटले, "पाहिलेस ना? दैव कोणाचे वैरी नाही. पुष्कळ दाने पडली की बेरीज सारखी होते."

त्याने माझ्याकडे पाहिले व अगदी शांतपणे विचारले, "पूण मामा, बाबाचें दान परत कोण घालतलो?"

मला उत्तर सुचले नाही. दोनशे घावांचा हिशेब दोनशे घावांना लागू पडतो. जे दान एकदाच पडावयाचे त्याची बरोबरी पुढची कोणती दाने करणार? मी ज्याची वकिली करीत होतो त्या दैवावरचा खरा आरोप हा होता, आणि त्यावर माझ्याजवळ एकही साक्षीदार नव्हता. मी उठून अंगणात गेलो. शिक्षकाला 'मला ठाऊक नाही' असे म्हणता आले पाहिजे. त्या दिवशी मला तेही धड म्हणता आले नाही.

त्यानंतर दोनतीन दिवस आम्ही त्या खेळाविषयी बोललो नाही. वही मात्र भाच्याकडेच राहिली. तिच्या मागल्या पानांवर तो अपूर्णांकांची उदाहरणे सोडवताना दिसे. मी काही विचारले नाही.

एका संध्याकाळी त्याने मला पट पाहावयास बोलावले. डोंगरातील एका खिंडीत त्याने मोर्चा बांधला होता. पुढे दोन भालाईत, त्यांच्या पाठीशी जखमा बऱ्या करणारी एल्फ स्त्री, आणि तिच्या दोन्ही अंगांना राखीव शिपाई. रात्रीचा प्रहर होता; ऑर्क तुटून पडले. दाने वाईट पडली व पुढचा एक भालाईत मेला. मी भाच्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो म्हणाला, "तो पडलो तरी वाट बंद आसा." राखीव शिपाई पुढे सरकला. मोर्चा मोडला नाही. पहाट होईपर्यंत तो तसाच टिकला.

खेळाडूंच्या त्या जुन्या भांडणातील दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मला तेव्हा कोठे पुरते उमगले. दाने शेवटी सम होतील या भरवशावर चांगला खेळाडू खेळत नाहीच. वाईट दान आज, याच घटकेला पडेल असे धरून तो माणसे उभी करतो. गेलेला शिपाई परत येत नाही. त्याचे दुःखही खोटे नव्हे. पण त्याच्या मागे कोणीतरी उभे असले म्हणजे वाट बंद राहते.

मी त्याला काही समजावले नाही. एवढेच म्हटले, "तुझी आई दोन वर्षे पुढच्या घरात उभी आहे रे." तो काही बोलला नाही. रात्री त्याने स्वतः होऊन बहिणीला फोन केला व बराच वेळ बोलत राहिला.

जूनमध्ये तो फेरपरीक्षेला बसला. गुण किती मिळाले हे येथे सांगण्याचे कारण नाही. तो बसला यातच मला समाधान आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांपैकी पुष्कळजण असले खेळ खेळता हे मला ठाऊक आहे, आणि या लेखाच्या आधारे अधिक खेळण्याची परवानगी मागाल हेही ठाऊक आहे! ती तुमच्या आईवडिलांकडे मागा. माझी विनंती निराळी आहे. 'माझे नशीबच वाईट' असे म्हणण्याची वेळ येईल तेव्हा आधी एक वही घ्या आणि दोन्ही बाजूंची दाने प्रामाणिकपणे मांडा. बहुधा तक्रार दोन घावांवर येऊन ठेपेल. क्वचित एखाद्याच्या वहीत असे एक दान निघेल, की ज्याची बेरीज कधीच जुळणार नाही. त्याला हिशेब शिकवू नका. त्याच्या शेजारच्या घरात जाऊन उभे राहा.