वसईचा नाताळ : गोठ्यात जपलेले गाव

डिसेंबरचा पंधरवडा उलटला, की वसईच्या गावांत संध्याकाळ वेगळ्याच उजेडात येते. पश्चिम रेल्वेच्या वसई रोड, नालासोपारा किंवा विरार स्टेशनवर उतरावे, पश्चिमेची वाट धरावी आणि इमारतींची गर्दी मागे टाकून केळीच्या बागांपर्यंत यावे. तिथून प्रत्येक घरावर एक चांदणी लटकताना दिसते. कुठे पांढरी, कुठे तांबडी, कुठे माडाच्या शेंड्यापर्यंत चढवलेली. गिरिझ, भुईगाव, निर्मळ, गास, नंदाखाल, आगाशी... गावामागून गाव उजळत जाते. नाताळ म्हटले की आपल्याला गोवा आठवतो, फार तर वांद्रे. पण मराठीतून प्रार्थना करणारा, मराठीतून गाणी गाणारा आणि फराळाची ताटे शेजारी पोहोचवणारा नाताळ पाहायचा, तर वसईलाच जायला हवे.

चारशे वर्षांहून जुना सोबती

वसईच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास पोर्तुगीज काळापासूनचा. गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे आली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. राज्य गेले, पण इथला ख्रिस्ती माणूस इथेच राहिला, कारण तो बाहेरून आलेला नव्हताच. शेती, बागा, बोली सारे त्याचे इथलेच होते. सामवेदी ख्रिस्ती समाजाची बोली आजही ऐकली, की तिचे मराठीशी असलेले नाते कानाला लगेच जाणवते. या भागातल्या वृद्ध स्त्रियांचे लाल लुगडे तर वसईची ओळखच होऊन बसले आहे. वसईतच जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांना १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर मरण आले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. गास गावचे चर्च त्यांच्याच नावाचे आहे.

'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीज 'नाताल'वरून आपल्याकडे आला आणि मराठीच होऊन गेला. देवाणघेवाण मात्र एकतर्फी नव्हती. वसईच्या विजयानंतर तिथल्या चर्चमधील घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यांतली एक नाशिकच्या गोदाकाठी नारोशंकराच्या मंदिरात, तर एक भीमाशंकरला आजही आहे. लढाईची ती खूण खरीच. पण तिच्या नादाला तिथला भाविक आज परका समजत नाही.

येशूजन्माची कथा मराठीत ओवीबद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापले गेले. पण चर्चमधली मिस्सा मात्र त्यानंतरही साडेतीनशे वर्षे लॅटिनमध्येच होत राहिली. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेला परवानगी मिळाली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी घुमू लागली.

चांदणी आणि आकाशकंदील

नाताळची तयारी चार रविवार आधीपासून सुरू होते. या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. चर्चमध्ये दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते. तीन जांभळ्या, एक गुलाबी. घरोघरी याच सुमारास कामट्या आणि पतंगाचा कागद निघतो.

चांदणीचा सांगाडा करायची रीत आपल्या आकाशकंदिलाच्या रीतीहून फारशी निराळी नाही. बांबूच्या दहा सारख्या कामट्या घ्यायच्या. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधायच्या. त्या एकमेकींवर ठेवून टोके सुतळीने आवळायची आणि मधोमध आडव्या काड्या खोवून पोट फुगवायचे. मग खळ लावून कागद चिकटवायचा. दिवाळीत शेजारच्या हिंदू घरी कंदील करायला बसलेली मुलेच पुढे दीड-दोन महिन्यांनी ख्रिस्ती घरी चांदणीला खळ लावत असत. कामट्या उरल्या, तर त्या जपून माळ्यावर ठेवायच्या, त्या 'त्यांच्या' सणासाठी. जुन्या मंडळींना विचारा. ही आठवण बहुतेक प्रत्येकाकडे निघते.

आता बाजारात प्लॅस्टिकच्या घडीच्या चांदण्या मिळतात, विजेच्या बारीक दिव्यांच्या माळा मिळतात. त्या टिकतात, पावसाचा शिडकावा झाला तरी बिघडत नाहीत. वापरणाऱ्यांना दोष कशाला द्यायचा? पण कागदी चांदणीतून येणारा मऊ उजेड त्यांना नाही, आणि ती करायला चार डोकी एकत्र बसावी लागत, तेही आता लागत नाही.

नाताळचे झाडही पूर्वी गावचेच असे. समुद्रकाठच्या सुरूची एक फांदी आणून ती वाळूने भरलेल्या डब्यात रोवायची. तिला कापसाचे बर्फ. ज्यांनी आयुष्यात बर्फ फक्त सरबताच्या गाडीवर पाहिला, त्यांनी ते किती मन लावून पसरावे!

गोठ्यातले गाव

पण वसईच्या नाताळचा खरा मानकरी म्हणजे गोठा. येशूचा जन्म गोठ्यात झाला म्हणून हा देखावा. इटलीतल्या ग्रेचो या खेड्यात असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली नाताळच्या रात्री खऱ्या बैल-गाढवासह गोठा उभा केला आणि ही प्रथा जगभर पसरली. ती वसईत पोहोचली आणि वसईचीच झाली.

गोठा करायचा म्हणजे दहा-बारा दिवस आधी परातीत माती पसरून राई, गहू किंवा नाचणी पेरायची. आपल्या नवरात्रातल्या घटासारखेच. नाताळपर्यंत हिरवेगार शेत तयार! छपराला भाताचा पेंढा, डोंगराला गोणपाट, वाटेला समुद्राची वाळू. मारिया, योसेफ, मेंढपाळ, गाय-गाढव आपापल्या जागी. बाळाची जागा मात्र रिकामी. चोवीस तारखेच्या रात्रीच मूर्ती तिथे येते. पूर्वेकडचे तीन राजे दूर कोपऱ्यात उभे असतात. घरातली मुले त्यांना रोज थोडे थोडे पुढे सरकवतात आणि सहा जानेवारीच्या सणाला ते गोठ्यापाशी पोहोचतात.

आता बेथलेहेम काही कोणी पाहिलेले नसते. मग गोठ्याभोवतीचे गाव कसे करायचे? तर आपल्या गावासारखे. म्हणून वसईच्या गोठ्यात कौलारू घर असते, केळीची बाग असते, बैलगाडी असते. आणि असते बावखल.

वसईबाहेरच्या वाचकांना हा शब्द नवा वाटेल. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले छोटे तळे. पावसाचे पाणी त्यात साठायचे, जमिनीत मुरायचे आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवायचे. समुद्र इतका जवळ, तरी इथे पानवेली, केळी, भाजी आणि फुले पिकत, त्यात बावखलांचा वाटा मोठा. त्यांवर रहाट चालत. आगाशीची प्रसिद्ध सुकेळी ज्या राजेळी केळ्यांपासून होतात, त्यांच्या बागाही याच पाण्यावर वाढल्या. गोठ्यातले बावखल करणे मात्र अगदी सोपे. आरशाचा तुकडा घ्यायचा आणि त्याच्या कडा मातीने झाकायच्या.

दोन आरसे

निर्मळजवळच्या एका गावात आमच्या मैत्रिणीचे माहेर. तिच्या वडिलांना आम्ही सगळ्याजणी काका म्हणायचो. १९९४ च्या नाताळात आम्ही प्रथम तिथे गेलो, तेव्हा काका ओटीवर गोठा सजवत बसले होते. त्यात दोन आरसे होते.

"दोन कशाला काका?" आम्ही विचारले.

"अगं, वाडीत दोन आहेत ना! एक माझं, एक धाकट्याचं. मग गोठ्यात एकच कसं चालेल?"

काका मग आम्हाला वाडीत घेऊन गेले. सोनचाफ्याच्या झाडांपलीकडे खरोखर दोन बावखले होती. लहानपणी त्यांत पोहायला शिकलेल्या मुलांची नावे काकांना ओळीने पाठ होती. आत माजघरात मावशी आणि शेजारच्या बायका कुलकुल करत होत्या. मैद्याची गोळी फणीवर दाबून वळवायची, की शंखासारखा आकार येतो. शेजारच्या जोशीवहिनींची बोटे त्यात सर्वांत चपळ. करंज्यांना इथे नेवऱ्या म्हणतात, एवढाच काय तो फरक! फुगे तळायला मात्र मावशी दुसऱ्या कोणाला बसू देत नसत. आंबवलेल्या पिठाचा गोळा मुठीतून पिळून तेलात सोडायचा. तो गोल फुगलाच पाहिजे.

नंतरही आम्ही अनेकदा गेलो. ते दशक वसईसाठी सोपे नव्हते. मुंबई वाढत वाढत दारात आली होती. विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जात होते, अनेक ठिकाणी ते खारट होऊ लागले होते. 'हरित वसई'साठी लोक रस्त्यावर उतरले. त्या चळवळीचे एक नेते म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुबोध बायबल'चे लेखक म्हणून ते सर्वांना ठाऊक झाले आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली त्यांचे निधन झाले. हिरवळ आणि पाणी हा त्यांच्या लेखी धर्माचाच विषय होता.

काकांच्या घरीही तो प्रश्न आला. धाकट्या भावाला मुलींची लग्ने, मुलाचे शिक्षण. केवळ भाजी-फुलांवर घर चालेना. २००६ साली त्यांच्या वाट्याचे बावखल बुजवले गेले आणि तिथे चार मजली इमारत उभी राहिली. काका भावाला एका शब्दाने बोलले नाहीत. "त्याचीही पोरं आहेत," एवढेच म्हणाले. पण काही महिने दोन्ही घरांत येणेजाणे कमी झाले, हे मैत्रिणीने सांगितले.

त्या वर्षी नाताळात गोठा मांडताना काकांनी दोन्ही आरसे काढले. एक जागेवर बसवला. दुसरा हातात घेऊन ते जरा थांबले आणि नातवाला म्हणाले, "जा, धाकट्या आजोबांना बोलाव. सांग, तुमचं बावखल तुम्हीच येऊन बसवा." ते आले. खाली बसले, आरसा पुसला, कडांना माती लावली. मावशींनी चहा आणि नेवऱ्यांची बशी दोघांमध्ये ठेवली. कोणी काही बोलले नाही. त्यानंतर दर वर्षी दुसरा आरसा त्यांच्याच घरचे कोणीतरी येऊन बसवते.

काका आता नाहीत. त्यांचे बावखल आहे. उन्हाळ्यात तळ दिसतो, पावसात काठोकाठ भरते. गोठा आता दोन्ही घरांची नातवंडे मिळून करतात. त्यांतल्या एकाने मागे पुठ्ठ्याची चार मजली इमारतही ठेवली. ठेवू नको, असे कोणी म्हणाले नाही. गोठ्यात गावच मांडायचे, तर तीही गावातच आहे. पण तिच्या पायाशी दुसरा आरसा होताच.

तुम्ही जाल तेव्हा

नाताळच्या आठवड्यात गावोगावचे गोठे पाहत फिरणे हा वसईकरांचा आवडता कार्यक्रम. आपण गणपती पाहत हिंडतो, तसाच. तरुण मंडळे मोठमोठे देखावे उभारतात, गोठ्यांच्या स्पर्धा होतात. नालासोपाऱ्याला उतरलात, तर पश्चिमेला निर्मळ आणि गास. विरारहून आगाशी आणि नंदाखाल. वसई रोडहून पापडी, रमेदी आणि पुढे वसईचा किल्ला. सकाळी किल्ला, दुपारी समुद्र आणि संध्याकाळी गोठे असा एक दिवस सहज आखता येतो. निर्मळला शंकराचार्यांचे समाधी मंदिर आणि होली क्रॉस चर्च ही दोन्ही पाहता येतील.

पंचवीस तारखेची गर्दी टाळायची असेल, तर सव्वीस ते तीस डिसेंबर हे दिवस उत्तम. वर्षाच्या शेवटच्या रात्री काही गावांत सरत्या वर्षाचा 'म्हातारा' जाळतात, तोही मुलांना आवडेल. मध्यरात्रीच्या मिस्सेला जायचे असल्यास वेळ आधी विचारून घ्यावी, कारण अलीकडे अनेक ठिकाणी ती लवकर सुरू होते. प्रार्थना चालू असताना छायाचित्रे काढू नयेत. आणि कोणी ओटीवरून "या, बसा" म्हटले, तर घाई करू नये. ताटातला एक फुगा तरी खाल्ल्याशिवाय सुटका नाही!

गोठ्यापाशी थांबाल, तेव्हा मूर्तींबरोबर त्याच्या कोपऱ्याकडेही नजर टाका. मातीच्या काठात बसवलेला आरशाचा एक तुकडा दिसला, तर सोबतच्या मुलांना सांगा, की हे बावखल आहे. मग जमले तर त्याच गावात कुणाला विचारून त्यांना खरे बावखलही दाखवा. अजून काही शिल्लक आहेत.